म्हादबा बस कंट्रोलर

लोणखेडच्या एसटी स्टँडवर एक भोळा कंट्रोलर होता. नाव म्हादबा. देव अक्कल वाटत होता त्या दिवशी स्वारी ड्युटीवर होती, रजा काही मिळाली नाही.

गावच्या कॉलेजात कुमठेकर बाई कॉम्प्युटर शिकवायच्या. संस्थेचे अध्यक्ष उद्या तपासणीला येणार होते. यंत्र चाललेलं दिसलं तर बाईंची शाखा राहणार, नाहीतर कुलूप. आणि नेमकी यंत्रातली बस कंट्रोलर नावाची चिप जळाली! बाईंनी शिपायाला पिटाळलं, "कुठूनही बस कंट्रोलर आणा."

शिपायानं म्हादबाला आणलं.

बाईंनी कपाळावर हात मारला. पण करता काय? म्हणाल्या, "माणसांचंच यंत्र करू. मी प्रोसेसर. या आपल्या कॉलेजातल्या सुमनमावशी मेमरी. यांच्या कपाटात खण, खणांत चिठ्ठ्या. मी खूण केली की म्हादबा, तुम्ही मावशींना हुकूम द्यायचा, वाच. चिठ्ठीत निघेल तो डेटा. तो मला कळवायचा."

बाईंनी खूण केली. म्हादबा गरजला, "वाच!"

"काय वाचू, मेल्या? कितवा खण?"

"अहो, आधी खणाचा नंबर, मग हुकूम," बाई म्हणाल्या.

"खण नंबर पाच, वाच!" म्हादबा ओरडला आणि स्टुलावर बसून तंबाखू मळू लागला. खण होता गच्च. हुकूम थांबला म्हणून मावशींनी ओढायचं सोडून दिलं.

बाई वैतागल्या. "समोरचा 'झालं' म्हणेपर्यंत धरून ठेवायचं हो! झालं म्हटलं की सोडायचं."

म्हादबानं घोकलं. झालं म्हणेपर्यंत धरायचं, झालं म्हटलं की सोडायचं.

तेवढ्यात मावशी घरी जेवायला निघाल्या. म्हादबा मागोमाग. दारात उभा राहून एकच धोशा, "पाच, वाच! पाच, वाच!" सगळी आळी गोळा झाली. मावशींनी कसाबसा शेवटचा घास गिळला. "झालं बाई एकदाचं!"

म्हादबा तत्क्षणी गप्प. धावत कॉलेजात आला. "डेटा आला, बाई. पिठलं-भाकरी."

बाईंना रडू फुटायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. कॉलेजच्या अंगणात खेळ मांडला. बाईंनी बारा नंबर दिला. म्हादबानं "बारा, वाच" लावून धरलं. मावशी "झालं" म्हणाल्या, चिठ्ठी निघाली, "सुस्वागतम्". काय सांगू, अध्यक्ष असे खूश झाले, असे खूश झाले, की टाळ्या वाजवत चार पावलं मागे सरकले आणि पाण्याच्या हौदात पडले.

"वाचवा! वाचवा!"

म्हादबा काठावर वाकला. "कितवा खण?"

"गाढवा, बुडतोय मी!"

"नंबराशिवाय वाचता येत नाही, साहेब."

बाई किंचाळल्या, "म्हादबा, हात धरा त्यांचा! ओढा!"

धरला. डोकं नसलं तरी मनगटात जोर होता गड्याच्या. अध्यक्ष वर आले. एक गुडघा काठावर टेकला. त्यांच्या जिवात जीव आला, बाईंच्या आला, शाखेच्याही आला.

"हुश्श," अध्यक्ष म्हणाले. "झालं रे बाबा, झालं!"

म्हादबानं हात सोडला.

धब्ब!

हौदातून आवाज आला, "बंद! ही शाखा आजपासून बंद!"

म्हादबा बाईंकडे वळला. "बाई, डेटा आला."