नऊ पुरचुंड्यांचं शून्य

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे किल्ले ढासळले, राजाचं नाव विसरलं गेलं, फक्त एक चूक तेवढी जिवंत राहिली. म्हणून लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर नक्कीच ऐकावी.

त्या राज्याच्या कारभाऱ्याला ठोकळ आकड्यांचं वेड होतं. तेवीस, सत्तेचाळीस, एकसष्ट असले आकडे त्याला भातात खडा लागावा तसे लागत. त्याने फर्मान काढलं होतं, की राजधानीत येणारी प्रत्येक मोजदाद दहाच्या पटीत यावी. शेवटचा अंक पाचाहून लहान असेल तर सोडून द्यावा. पाच किंवा मोठा असेल तर पुढचा दहा धरावा. दुसरंही एक फर्मान होतं आणि ते चांगलं होतं. जिथे तीस मुलं असतील, तिथे राज्याने शाळा बांधून द्यायची.

नदीकाठच्या मोठ्या गावात अशी शाळा होती. त्या शाळेत नऊ वर्षांची सोनकी येई, ती नदीपलीकडच्या खोऱ्यातून. खोऱ्यात नऊ पाडे होते, पण शाळा नव्हती. का नाही, असं विचारलं की पाड्यांवरची म्हातारी माणसं वर आभाळाकडे बोट दाखवत आणि नशीब म्हणत. तो शब्द ऐकला की सोनकीच्या मस्तकात तिडीक उठे.

तिचा बाप भोई होता. खोऱ्यातले चार भोई कारभाऱ्याचा मेणा खांद्यावर घेऊन नदी ओलांडत आणि घाट चढत. रोज सकाळी बाप आधी सोनकीला खांद्यावर बसवून पाण्यातून अलीकडे आणून सोडी. इतर पोरांना आणायला कुणाला सवड नव्हती, म्हणून सगळ्या खोऱ्यातून ती एकटीच शिकत होती. यंदा बापाचा खांदा सुजला. त्याने सांगून टाकलं, "पाऊस लागंपर्यंत आणतो, बाय. मग हा खांदा मेण्यालाच ठेवावा लागंल. पोट त्याच्यावर हाय."

म्हणजे सोनकीच्या शाळेचे तीन महिने उरले होते.

त्याच दिवसांत गुरुजी वर्गाला ठोकळ आकडे शिकवत होते. मुलं माना हलवत एका सुरात म्हणत, "चार आले, गळून गेले, पाच आले, दहा झाले." सोनकीने विचारलं, की चौदा शेंगांच्या दहा झाल्या तर वरच्या चार कोण खातं. वर्ग हसला. गुरुजींनी सांगितलं, की आकड्याला पोट नसतं, प्रश्न विचारण्यापेक्षा पाटी भर.

मग मोजदादीचा महिना आला. पाड्यांवरच्या लोकांना लिहिता येत नसे. म्हणून प्रत्येक पाडा फडक्याच्या पुरचुंडीत आपल्या मुलांचे चिंचोके बांधून धाडी, एका मुलामागे एक चिंचोका. गुरुजी त्या पुरचुंड्या वर्गात वाटत. मुलांचा सराव होई आणि गुरुजींचं कामही हलकं होई. खोऱ्याच्या नऊ पुरचुंड्या सोनकीच्या वाट्याला आल्या.

तिने पहिली सोडली. चार चिंचोके. चार म्हणजे शून्य. तिने पाटीवर शून्य काढलं. दुसरीत तीन निघाले, पुन्हा शून्य. तिसरी पुरचुंडी हातात घेतली आणि तिचा हात थांबला. ते हिरवं फडकं तिच्या आईच्या जुन्या लुगड्याचं होतं. आत चार चिंचोके. एक तिचा भाऊ, दोन गुराख्याच्या जुळ्या मुली आणि चौथा ती स्वतः.

तिने उरलेल्या सहाही सोडून पाहिल्या. कुठे चार, कुठे तीन. पाच मुलांचा पाडा एकही नव्हता. नऊ शून्यांची बेरीज शून्य. खोऱ्यात मूल नाही. दरवर्षी राजधानीला हेच जात होतं, याच वर्गातून, कुणा ना कुणा मुलाच्या अक्षरात. आभाळात काही लिहिलेलं नव्हतं. पाटीवर लिहिलेलं होतं.

सोनकीने नऊही पुरचुंड्यांचे चिंचोके एका जागी ओतले आणि मोजले. तेहेतीस भरले. ती पाटी घेऊन गुरुजींपुढे उभी राहिली. आधी बेरीज केली आणि मग ठोकळ धरलं, तर तीस होतात. आधी ठोकळ धरलं तर काहीच उरत नाही, असं तिने दाखवलं.

गुरुजींनी पाटी पाहिली. त्यांना ते कळलं, हे सोनकीला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. पण ते म्हणाले, "आधी ठोकळ, मग बेरीज, अशी रीत आहे. माझ्या गुरुजींनीही असंच केलं."

"आणि त्यांच्या गुरुजींनी?"

"त्यांनीही."

"म्हणजे तिघांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही."

गुरुजींनी तिला दारात अंगठे धरून उभं केलं आणि मोजदादीच्या कागदावर स्वतःच्या हाताने शून्य काढलं.

ती तशी ओणवी असतानाच कारभाऱ्याचा मेणा आला. मोजदाद घ्यायला तो स्वतः येई. ही कोण, काय केलं हिने, असं त्याने सहज विचारलं. गुरुजी सांगायला लागले, तेवढ्यात सोनकी सरळ उभी राहिली.

"सरकार, तुमचा मेणा किती जण उचलतात?"

"चार भोई. दिसत नाहीत का?"

"मला दिसतात. तुमच्या फर्मानाला दिसत नाहीत. चार म्हणजे शून्य."

कारभारी पोट धरून हसला. "कुणाची गं ही मिरची?"

बाहेर मेण्यापाशी उभ्या असलेल्या बापाने हात जोडले. "माझी, सरकार. ल्हान हाय, चूक झाली. पोटात घाला."

सोनकीला कारभाऱ्याचा राग आला होताच. बापाचा त्याहून जास्त आला. सुजलेल्या खांद्यावर ज्याला वाहायचं, त्याचीच माफी मागायची, आणि वर त्याला मोठ्यांचा मान म्हणायचं. कारभारी शून्याचा कागद घडी घालून मेण्यात बसला. भोयांनी मेणा उचलला. सोनकीने सगळे चिंचोके हिरव्या फडक्यात बांधले आणि ती मागून चालू लागली. गुरुजींनी हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही.

भोई एरवी पाऊल जुळावं म्हणून गाणं म्हणत. त्या दिवशी म्हणाले नाहीत. सोनकीने चालता चालता नऊ शून्यांचा हिशेब सांगितला होता आणि ते आपसांत विचारत होते. तुझ्या पाड्यात किती? चार. तुझ्या? तीन. माझ्यात पण चारच. असं करत नदी आली. पाणी मांडीपर्यंत होतं. मधोमध एक सपाट खडक होता, तिथे पोचल्यावर सोनकीच्या बापाने मान हलवली आणि चौघांनी मेणा खडकावर टेकवला.

"काय झालं रे?" कारभाऱ्याने पडदा सारून विचारलं.

बाप या वेळी हात न जोडता बोलला. "सरकार, आकडा शून्य निघाला. शून्य माणसं मेणा उचलत नसत्यात."

आणि ते चौघे पाणी तुडवत काठावर जाऊन बसले.

कारभाऱ्याने चाबकाची धमकी दिली. चाबूक त्याच्याचपाशी खडकावर होता, पाठी काठावर. त्याने शिपायांना हाका मारल्या, ते घाटापलीकडे वाट पाहत बसले होते. पाण्यात उतरावं तर गेल्या तीस वर्षांत त्याने नदी कधी स्वतःच्या पायांनी ओलांडली नव्हती. ऊन चढलं. खडक तापला. आधी हुकूम झाले, मग आमिषं, मग अजीजी. काठावरून कुणी उत्तर दिलं नाही, कारण काठावर, फर्मानाप्रमाणे, कुणी नव्हतंच.

शेवटी सोनकी पहिल्यांदाच एकटी, छातीइतक्या पाण्यातून धडपडत खडकापर्यंत गेली आणि हिरवं फडकं त्याच्या मांडीवर ठेवलं.

"मोजा."

त्याने मोजले. एकदा मोजून चुकला, पुन्हा मोजले. तेहेतीस. घाम पुसत तो म्हणाला, "ठीक आहे. तीस लिहितो. शाळा मिळेल तुम्हाला."

"तेहेतीस लिहा."

"अगं, तिनाने असा काय फरक पडतो?"

"कुठले तीन गाळायचे ते नावानं सांगा. मी घरी जाऊन त्यांच्या आयांना सांगते."

कारभाऱ्याला एकाही मुलाचं नाव ठाऊक नव्हतं. त्याने शून्य खोडलं आणि तेहेतीस लिहिलं. मग चौघे भोई पाण्यात आले, मेणा उचलला आणि त्याच्या अंगावर थेंबही उडू न देता त्याला पलीकडे नेलं.

पावसाआधी खोऱ्यात शाळेचं छप्पर चढलं. राजधानीतून पाट्या आल्या, त्या तीस. तिथल्या कुणा कारकुनाचा हात सवयीने वळला होता. पाड्यांवरची म्हातारी माणसं म्हणाली, मिळालं ते पदरात घ्या, तीन पोरं पुढच्या वर्षी बसतील. सोनकीने तीसही पाट्या दारात रचून ठेवल्या आणि स्वतः त्यांच्यापुढे बसली. कुणी एकही उचलली नाही. दहा दिवस शाळा बंद राहिली.

अकराव्या दिवशी मोठ्या गावचे गुरुजी आले. मेण्यात नव्हे, पायी, कमरेपर्यंत भिजलेले. काखेत तीन पाट्या होत्या. सोनकीने त्यांना माफ केलं, असं म्हणवत नाही. तिने पाट्या घेतल्या आणि दार उघडलं.

भोयांनी मात्र त्या वर्षापासून एक रीत पाडली. मेणा उचलण्याआधी कारभाऱ्याने चौघांची नावं घ्यायची. एक जरी विसरला, तरी मेणा जमिनीवर आणि कारभारी पायी. पहिल्या वर्षी तो घाट बराचसा चालतच चढला.

तात्पर्य: ज्यांच्या खांद्यावर बसून आपण नदी ओलांडतो, त्यांची मोजदाद ठोकळमानाने करू नये.