वीतभर वडाची सावली

एक होता राजा. उदयभान त्याचं नाव. राज्य काही फार मोठं नव्हतं. सकाळी घोड्यावर बसलं की जेवायच्या वेळेपर्यंत राज्य संपायचं. पण त्याच्याकडे एक वस्तू अशी होती, जी मोठमोठ्या राजांकडेही नव्हती. मिहिका, पाय काढ बघू भावाच्या पोटावरून. काढलास? मग सांगते.

तर राजाकडे होता एक वड. केवढा? वीतभर! तांब्याच्या परातीत लावलेला. खोड माझ्या हातासारखं सुरकुतलेलं, पारंब्या दोऱ्याएवढ्या आणि पानं तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. कर्णिककाकूंच्या गॅलरीत आहे ना, बोन्साय की काय म्हणतात ते, अगदी तसाच. पण काकूंच्या झाडाला जे जमत नाही, ते या वडाला जमायचं बरं का. झाड वीतभर, पण त्याची सावली पडायची अख्ख्या अंगणभर! वैशाखात परात ओट्यावर ठेवली की सगळं अंगण गार. बायका तिथे तांदूळ निवडायच्या, गाई रवंथ करायच्या आणि प्रधानजी तर चक्क घोरायचे.

हा वड राणीनं माहेराहून आणला होता. मग राणीला मुलगी झाली, केतकी. राणी रोज दुपारी तिला मांडीवर घेऊन त्या सावलीत निजवायची.

पुढे काय झालं, केतकी पाच वर्षांची असताना राणी आजारी पडली आणि देवाघरी गेली. हो रे, गेली. गोष्टीतली माणसंसुद्धा जातात कधीकधी. इकडे ये, माझ्या कुशीत झोप.

जायच्या आधी वटपौर्णिमेला राणीनं त्या वडाला सूत गुंडाळलं होतं. राजाला उदंड आयुष्य मिळावं म्हणून. राजाला दुःख आवरेना. तो म्हणाला, "या झाडाला राणीचा हात लागलाय. आता दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पाणी तेवढं घाला."

पण पूजेला कोण नाही म्हणणार? दरवर्षी वटपौर्णिमेला गावच्या बायका यायच्या, सूत गुंडाळायच्या, नमस्कार करून जायच्या. जुनं सूत काढावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. नवऱ्याच्या आयुष्यासाठी बांधलेलं सूत, ते सोडायचं कसं? अशी पाच वर्षं गेली. झाड वीतभर आणि सूत ढीगभर. खोड दिसेनासं झालं. खाली परातीत मुळं गोल गोल फिरून घट्ट बसली, आणि सगळे हात जोडून उभे!

मग सावली आटायला लागली. अंगणभर होती ती झाली बाजेएवढी. केतकी दुपारी तेवढ्यातच जाऊन निजायची. तिला आईचा चेहरा नीट आठवत नव्हता, पण त्या सावलीत आईच्या मांडीसारखं वाटायचं. मग सावली झाली सुपाएवढी. केतकी पाय पोटाशी घेऊन मावायला बघायची. पोरीचं हे बघून राजाला राहवेना. त्यानं दवंडी पिटवली, वड बरा करील त्यानं यावं.

मग आले राजवैद्य. त्यांनी मुळाशी दूध ओतलं. मुंग्या आल्या आणि सावली झाली ताटाएवढी. मग आले ज्योतिषी. त्यांनी परातीचं तोंड पूर्वेला केलं. गोल परातीला तोंड कुठलं, ते त्यांनाच ठाऊक! सावली झाली वाटीएवढी. मग आला सोनार. त्यानं तांब्याच्या परातीखाली चांदीची परात ठेवली. सावली झाली तळहाताएवढी. केतकी जमिनीवर आडवी झाली आणि तेवढ्या सावलीत तिनं गाल ठेवला.

त्याच दुपारी सगुणा माळीण मोगऱ्याचे गजरे घेऊन वाड्यात आली. तिनं पाहिलं, पोर उन्हात आणि गाल तेवढा सावलीत. तिनं टोपली खाली ठेवली, सूत जरा बाजूला सारलं आणि खोडाला नख लावलं. सालीखाली हिरवं दिसलं.

"जित्तं हाय!" ती म्हणाली. "म्हाराज, झाड आजारी न्हाई. गुदमरलंय. ह्ये समदं सूत काढावं लागंल, मुळं छाटावी लागतील आन् मग काय बी न करता वाट बगावी लागंल. तिसरं लई अवघड असतंय."

प्रधानजी ओरडले, "सूत काढायचं? अगं बाई, राणीसाहेबांचं सूत आहे त्यात! महाराजांचं आयुष्य आहे त्यात!"

राजा म्हणाला, "बाकीचं काढ मावशी. राणीचं राहू दे."

मग सगुणानं पाणी शिंपडून शिंपडून वरचं सूत भिजवलं, हलक्या हातानं उलगडलं. परात पालथी केली, लाकडी फणीनं मुळं विंचरली. तुमची आई तुमचा गुंता काढते ना, तशी. पण ओढून नाही हं. कुजकी मुळं छाटली, विटांचा चुरा आणि रेती घालून नवी माती भरली. शेवटी उरलं राणीचं सूत. ते सालीत रुतून बसलं होतं.

सगुणा म्हणाली, "ह्योच फास हाय, म्हाराज. ह्यो ऱ्हायला तर माझी सगळी मेहनत वाया."

केतकीनं राजाचा हात घट्ट धरला. "नको बाबा! राहू दे ते सूत. मला नको सावली. मला तुम्ही हवेत."

राजानं तिच्याकडे पाहिलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं म्हणा ना. मग तो खाली बसला आणि म्हणाला, "केतकी, तुझ्या आईनं माझ्यासाठी आयुष्य मागितलं. ते मी नुसतं जपून ठेवलं गं. जगलोच नाही." त्यानं सगुणाची सुरी घेतली. त्यानं हळूच सुताखाली टोक घातलं आणि सूत कापलं.

प्रधानजी राजाला झेलायला धावले. राजाला काय झालं? राजाला आली शिंक! बास, दुसरं काही नाही. आणि सूत निघालं तिथे वडावर पांढरा टपोरा थेंब आला.

"चीक आला!" सगुणा हसली. "जीव हाय त्यात!"

पण थांबा, लगेच नाही बरं झालं झाड. चार दिवसांत त्याची होती नव्हती ती पानं गळली आणि तळहाताएवढी सावलीही गेली. दुपारी केतकी परातीपाशी उन्हातच येऊन बसायची. मग राजा दरबार सोडून यायचा. करायचं तर काहीच नव्हतं. तो आपला तिच्या उन्हाच्या बाजूला बसून राहायचा. आईच्या गोष्टी सांगायचा, आई कशी हसायची, कशी रागवायची. त्याची सावली केतकीवर पडायची आणि ती निजायची.

एक दिवस झाला, दुसरा झाला. असे एकवीस दिवस झाले आणि फांदीच्या टोकाला लालसर कोंब फुटला. मग पान आलं. मग सावली आली, वाटीएवढी, ताटाएवढी, सुपाएवढी. आणि आषाढ लागायच्या आत सगळं अंगण पुन्हा गार! प्रधानजी पुन्हा घोरायला लागले.

त्या वर्षीपासून बायका वटपौर्णिमेला सूत सैल बांधायच्या आणि दुसऱ्या दिवशी सगुणा ते सोडून ठेवायची. राजा म्हातारा होईपर्यंत जगला, वड तर अजून आहे म्हणतात.

आणि केतकी? सावली अंगणभर होती, कुठेही निजता आलं असतं. पण निजायच्या आधी ती रोज म्हणायची, "बाबा, तुम्ही त्या बाजूला बसा ना." आणि राजा बसायचा.

झाली गोष्ट. ती सगळी सुखात निजली, आता तुम्हीही डोळे मिटा. मी आहे या बाजूला.