देश कोण सोडणार?

न्यू जर्सीतल्या एका गावात, आमच्याच मजल्यावर, एक भोळा नवरा राहत होता. नाव भालचंद्र. मी मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेली. घर माझं बारा नंबर, त्याचं तेरा.

एकदा कपडे धुवायला खाली गेले. भालचंद्रची बायको मृदुला फोनवर वकीलबाईंशी बोलत होती. फोनमधून आवाज आला, "...तर देश सोडावा लागेल." तेवढ्यात मशीन घरघरायला लागलं. पुढचं ऐकू आलं नाही. मागचंही नव्हतं आलं. संध्याकाळपर्यंत मी चार घरांत सांगून टाकलं, "भालचंद्र चालला हो!"

मृदुला मला भेटली ती तावातावानेच. "काकू, अर्धं ऐकून काय सांगत फिरता? माझ्याकडे इथलं कायमचं कार्ड आहे. नवरा म्हणून भालचंद्रला ते मिळायला वर्षं जातील. तोवर तो विद्यार्थी म्हणूनच राहू शकतो. कॉलेज सोडलं, तर देश सोडावा लागेल!"

भालचंद्र मागेच उभा होता. त्याने एवढंच ऐकलं, की कॉलेज सोडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तो घरी आलाच नाही. संध्याकाळी आम्ही दोघी कॉलेजात गेलो. हा लायब्ररीत बसलेला, शेजारी पहारेकरी उभा.

"घरी का नाही आलास रे?"

"कॉलेज सोडायचं नाही ना?"

मृदुलाने कपाळाला हात लावला. "नाव काढायचं नाही, एवढंच! आणि पत्ता बदलला, तर परदेशी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या कॉलेजच्या बाईंना कळवायचं."

"बरं," भालचंद्र म्हणाला.

तो माझ्याकडे चहाला आला. बसल्या बसल्या बाईंना ईमेल लिहिला : सध्याचा पत्ता, काकूंचा सोफा. मग वाण्याकडून एक. मग न्हाव्याच्या खुर्चीतून एक. दिवसभरात अकरा झाले. बाईंचा फोन आला, "बारीकसारीक काही कळवू नका हो. मोठा बदल असेल तरच."

"बरं," भालचंद्र म्हणाला.

पुढच्या महिन्यात त्याने चारातला एक विषय सोडला. कुणाला बोलला नाही. मृदुलाला कळलं ते कॉलेजचं पत्र पाहून.

"अरे, तीन विषयांवर पूर्णवेळ विद्यार्थी धरत नाहीत! मला टाकून परत जायचंय का तुला?" मृदुला रडायलाच लागली.

"एकच तर होता. बारीकसारीक."

विषय परत घ्यायची मुदत त्याच दिवशी संपत होती. मृदुलाने एक हात धरला, मी दुसरा. कॉलेजच्या बाईंसमोर नेऊन उभा केला. विषय परत मिळाला, भालचंद्र वाचला. मी तर पेढेच वाटले.

या धावपळीत माझे सहा महिने संपत आले होते. मुलाने माझ्यासाठी मुदतवाढीचा अर्ज केला होता, पण उत्तर येईना. मी रोज टपालपेटी उघडायची आणि चिडून त्यांच्याकडे चहाला जायची. एक दिवस भालचंद्रने कप ठेवला तो एका पाकिटावर. पाकिटावर माझं नाव.

"हे कधी आलं?"

"तीन आठवडे झाले."

"आणि मला दिलं नाहीस?"

"बाराऐवजी तेराच्या पेटीत पडलं होतं, काकू. एका अंकाचा फरक. बारीकसारीक."

फोडून पाहिलं. मुदतवाढ नामंजूर. पुढच्या चार दिवसांत निघणं भाग होतं. सगळ्या गावाच्या तारखा मला पाठ, माझी तेवढी भालचंद्रच्या कपाखाली!

विमानतळावर दोघं पोचवायला आली. मृदुलाचे डोळे भरलेले. भालचंद्र मोबाइलवर काहीतरी लिहीत होता.

"काय लिहितोस रे?"

"कॉलेजच्या बाईंना कळवतोय. हा मोठा बदल आहे ना?"

मी चष्मा लावून वाचलं : "मी इथेच आहे. काकूंना देश सोडावा लागला."

म्हणजे मी उठवलेली बातमी निम्मी खरी निघाली. उरलेली निम्मी, म्हणजे जाणारी मीच, ती मात्र मी कुणाच्याच घरी सांगितली नाही.