नळीच्या मापाची गोळी

एका गावात एक ओतारी होता. भोळा. इतका भोळा, की कुणी ‘जरा थांब’ म्हणून विसरून गेलं, तर हा दिवस मावळेपर्यंत तिथेच उभा. नाव सटवाजी. घंटा आणि घुंगरं मात्र झकास ओतायचा.

त्या गावच्या इनामदारांकडे, आबासाहेबांकडे, पणजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक होती. दसऱ्याला बांबूवर नारळ बांधायचा आणि आबासाहेबांनी तो एका गोळीत फोडायचा. फुटला तर आपट्याचं सोनं आधी या गावानं लुटायचं. हुकला तर मान शेजारच्या कोळवडीचा. नारळ फुटला की गोळी ओतणाऱ्याच्या घरात मानाचं लुगडं यायचं. आजवर ते सटवाजीच्या आईला मिळे. यंदा सटवाजीचा म्हातारा बाप गेला, आणि गोळीचा साचा कुठे ठेवलाय ते सांगायचं राहूनच गेलं. आता गोळी सटवाजीकडे आली. त्याच्या बायकोला, येसूला, लुगड्याची स्वप्नं पडू लागली.

“आधी नळीचं माप घिऊन या,” ती म्हणाली.

सटवाजीने नळीत अंगठा घातला. बरोब्बर बसला. तो अंगठा उभा धरून घरी निघाला. वाटेत गांधीलमाशी चावली, अंगठा फुगून कांद्याएवढा झाला. सटवाजीने इमानाने कांद्याएवढी गोळी ओतली.

“आवं, माप अंगावर आणत्यात व्हय? मेणात घ्यायचं!”

“बरं. मेणात.”

दुसऱ्या दिवशी त्याने नळीच्या तोंडात मेण दाबलं. ठसा सुरेख आला. तो पागोट्यात खोवला आणि भर उन्हात निघाला. घरी पोचला तेव्हा माप दोन्ही कानांवरून ओघळत होतं.

“असली चीज वल्या फडक्यात गुंडाळून आणावी!”

“बरं. वलं फडकं.”

तिसऱ्या दिवशी आबासाहेबांनी चाचणीसाठी बंदुकीची दारू दिली. सटवाजीने ती ओल्या फडक्यात गुंडाळली. वाटेत दोन विहिरींवर थांबून फडकं पुन्हा भिजवलं आणि येसूच्या हातात काळा चिखल ठेवला.

येसूने कपाळ बडवून घेतलं. “बंदुकीच्या वस्तूला पानी लागू द्यायचं न्हाई, न् इस्तवाजवळ न्यायची न्हाई!”

“बरं. इस्तू नको.”

चौथ्या दिवशी गोळीसाठी दोन शेर शिसं आलं. तीही बंदुकीचीच वस्तू. सटवाजीने भट्टी पेटवली, शिसं तिच्यापासून वीस हातांवर चिंचेखाली ठेवलं आणि वितळायची वाट बघत बसला. दुपार झाली. शिसं वितळेना. मग तो शिशावर रागावला.

येसू अगदी रडकुंडीला आली. दसरा उद्यावर आलेला. ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “शिसं इस्तवावर ठिवा. त्याचं पानी झालं की साच्यात ओता. साचा नळीच्या मापाचा पायजे. गोळी न् नळी, मधी केस मावता कामा न्हाई. समजलं?”

“समजलं,” सटवाजी म्हणाला, आणि दसऱ्याच्या सकाळी शेगडी, शिसं घेऊन इनामदारांकडे गेला. आबासाहेब आंघोळीला गेले होते. बंदूक पूजेसाठी भिंतीला उभी करून ठेवली होती. अर्ध्या तासात सटवाजी हसत हसत परतला.

संध्याकाळी सगळं गाव माळावर जमलं. समोर कोळवडीची माणसं. आबासाहेबांनी बंदूक उचलली, तसा वजनाने त्यांचा हात खाली गेला.

“सटवाजी, गोळी कुठं आहे?”

“आत हाय, जी.”

“मापात बसली?”

“केस मावत न्हाई. उलटी करा, पडतच न्हाई!”

आबासाहेबांनी नळीत डोकावून पाहिलं. नळीला तोंडच नव्हतं. तिथे शिशाची चकचकीत टिकली बसली होती.

“साचा नळीच्या मापाचा पायजे म्हनली ही,” सटवाजी अभिमानाने सांगू लागला. “म्हंजी नळीच की! बत्तीचं भोक मातीनं बुजवलं, आन् वरनं ओतलं काठोकाठ.”

कोळवडीकर हसत, शिट्ट्या मारत आपट्याकडे धावले. येसू मटकन खाली बसली.

“आवं, पर येकच गोळी पायजे व्हती!”

“येकीसाठी दरसाल कुठं हेलपाटं घालायचं?” सटवाजी म्हणाला. “फुडल्या पन्नास दसऱ्यांच्या एकदमच ओतून ठिवल्यात!”