माझा शेरा, मला सोडून सगळ्यांना

“तुझ्या शेऱ्यात काहीतरी भयंकर लिहिलंय, म्हणून तुला वैद्याची जागा देता येत नाही!” राजरुग्णालयाचे कारभारी म्हणाले.

“काय लिहिलंय?” सगुणाने विचारलं.

“ते तुला कसं सांगणार? शेरा तुझा आहे ना!”

सगुणा ही केरबा बुरडाची लेक. रत्नशिळा नगरीच्या विद्यालयात वैद्यक शिकली, परीक्षेत पहिली आली. रोग्याने तोंड उघडायच्या आत त्याने काल काय खाल्लं ते ती नाडीवरून सांगायची, तरी औषधाआधी दहा प्रश्न विचारायचीच. पण त्या विद्यालयाचा एक जुना नियम होता. आचार्य घनपाठी प्रत्येक विद्यार्थ्यावर शेरा लिहीत आणि त्याचं भेंडोळं लाखेची मोहोर लावून दप्तरखान्यात ठेवत. ज्याचा शेरा त्याने मात्र तो बघायचा नाही. बाकी कुणीही नारळ आणि शाल ठेवावी आणि खुशाल वाचावा! नोकरी देणारे वाचत, सोयरीक बघायला आलेले वाचत, काही रिकामटेकडे तर नुसती दुपार घालवायला वाचत. शालींचा असा ढीग झाला होता, की भर उन्हाळ्यातही आचार्य एक शाल पांघरून घाम पुसत बसलेले असत.

सगुणा आधी त्यांच्याकडेच गेली.

“आचार्य, माझं काय चुकलं ते तरी कळू द्या. खोटं असेल तर खोडून काढीन, खरं असेल तर सुधारीन.”

“म्हणूनच दाखवत नाही!” आचार्य म्हणाले. “तुम्ही खोडायला लागलात, तर आम्ही लिहायचं कशाला?”

परत येताना नाक्यावरच्या हलवायाने हाक मारली, “काय गं सगुणे, तसं कशाला वागायचं?” म्हणजे यानेही वाचला होता! सगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक दरबारात गेली.

राजा प्रतापधवल मनाने वाईट नव्हता, पण हट्टी असा, की एकदा ‘नाही’ म्हणाला की राणीसाहेबसुद्धा विषय बदलत.

“महाराज, तो शेरा माझा आहे की नाही?” सगुणाने विचारलं.

“तुझाच की!”

“मग मला न विचारता तो गावभर कसा वाटला?”

“बरं, तुझा नाही. विद्यालयाचा!”

“मग मी परकी झाले. परक्यांना तर दाखवतात!”

दरबारात खसखस पिकली. राजाच्या कपाळाला आठी पडली.

“फार बोलतेस! नियम माझ्या पणजोबांचा आहे. एवढी खुमखुमी असेल तर उद्या इथेच तुझा शेरा वाचून दाखव. पण नियम मोडायचा नाही, चोरी करायची नाही, कुणाकडून ऐकायचं नाही! जमलं तर वैद्याची जागा तुझी. नाही जमलं तर जन्मभर आचार्यांच्या शाली धुवायच्या!”

दरबारात बसलेल्या आचार्यांनी खुशीत मान डोलावली.

सगुणा घरी आली. बाप अंगणात बांबूच्या कामट्या सोलत होता. “कसं करणार गं?” त्याने विचारलं. तीही कामट्या सोलायला बसली. आणि एकाएकी तिला हसू फुटलं.

“बाबा, एक नारळ द्या. आणि आईची ती लग्नातली शाल!”

दुसऱ्या दिवशी ती भेंडोळं घेऊन दरबारात उभी राहिली.

“आणलास तुझा शेरा?” राजाने विचारलं.

“नाही, महाराज. आपला आणलाय!”

दरबारी माना उंचावून बघू लागले.

“राजकुमार असताना आपण याच विद्यालयात शिकलात. परक्या माणसाला कुणाचाही शेरा मिळतो, म्हणून मी आपला मागितला. आचार्यांचं सगळं लक्ष शालीकडे होतं, त्यांनी काढून दिला.”

आचार्य पांढरेफटक पडले. राजा सिंहासनावरून अर्धा उठला. “काय लिहिलंय त्यात?”

“ते आपल्याला कसं सांगणार? शेरा आपला आहे ना! इतरांना सांगायला मात्र हरकत नाही.”

ती सेनापतींच्या कानाशी कुजबुजली. सेनापतींनी दचकून मिशीवर हात ठेवला आणि तोंड फिरवलं. मग ती खजिनदाराच्या कानात काही बोलली. तो खुदकन हसला. राणीसाहेबांनी तर ऐकताच तोंडाला पदर लावला.

“तुम्हीसुद्धा?” राजा ओरडला.

“नियमच आहे ना तसा!” राणीसाहेब म्हणाल्या.

“अरे, लहानपण माझं, आणि मी सोडून सगळ्यांना ठाऊक? खड्ड्यात गेला तो नियम! आजपासून ज्याचा शेरा त्याला तो वाचता येईल, आणि त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याने हात लावायचा नाही! आण इकडे!”

“आणते, महाराज. पण माझाही मागवा.”

सगुणाचा शेरा आला. तिने मोठ्याने वाचलं, “‘हुशार आहे, पण उलट प्रश्न फार विचारते. रुग्णालयास अपायकारक.’”

ती आचार्यांकडे वळली. “रोग्याला प्रश्न न विचारता औषध द्यायचं कसं, आचार्य?”

“महाराज, हिने नियम मोडला!” आचार्य ओरडले.

“मी कुठे? मोडला तो महाराजांनी!”

राजा हसायला लागला, आणि हसता हसता थबकला. “पण माझा शेरा तू सगळ्यांना सांगितलास!”

“छे! आपल्याला विचारल्याशिवाय मी वाचीन कशी? ही लाखेची मोहोर बघा, जशीच्या तशी आहे.”

“मग कानात काय सांगितलंस?”

“सेनापतींना म्हटलं, मिशीला सकाळचा शिरा लागलाय. खजिनदारांना म्हटलं, सेनापतींच्या मिशीकडे बघा. राणीसाहेबांना मात्र खरं सांगितलं, की मी काहीच वाचलेलं नाही!”

राजा पोट धरधरून हसला. सगुणाला त्याने तिथल्या तिथे राजवैद्याची वस्त्रं दिली, आणि आचार्यांच्या साऱ्या शाली रुग्णालयातल्या रोग्यांना पांघरायला पाठवल्या. आचार्यांच्या अंगावरचीसुद्धा!

मग त्याने मोहोर फोडली आणि आपला शेरा वाचला. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

“बघू, बघू!” राणीसाहेबांनी हात पुढे केला.

राजाने घाईघाईने भेंडोळं कमरेच्या शेल्यात खोचलं.

“अहं! माझी परवानगी लागते!”