नगारा थांबला तेव्हा

माणसाने रानात पहिली वाट पाडली, त्याच्याही आधीची ही गोष्ट. वाघराजा भूक नसतानाही जीव घेई. त्या वेळी सावळी नावाच्या वानरीने नगारा बडवायचा, असा हुकूम होता. किंकाळ्या त्या दणदणाटात बुडत आणि लांबचे प्राणी म्हणत, "राजाकडे आज सण दिसतोय!"

जवळ बसलेल्या सावळीला मात्र सगळं ऐकू येई. तिला अन्न गोड लागेना, एका फांदीवर बूड टेकेना.

एकदा राजाने हरणीचं पाडस धरलं, आणि सावळीचा हात वरच्या वर थांबला. पाडसाचं "आई गं!" डोंगरापलीकडे ऐकू गेलं.

"बडव की गं, मेले! सगळे ऐकतायत!" राजा ओरडला.

तेही सगळ्यांनी ऐकलं.

मग रान पुन्हा दणाणलं. या खेपेला राजावर चालून येणाऱ्या गव्यांच्या खुरांनी.