पहिल्या बाईचं नाव

“मुलगा तर आत झोपलाय, माई, मग अक्षता दारातून चारी दिशांना कशाला टाकायच्या?”

हा माझा प्रश्न. मुलाचा ताप उतरू दे, श्रावणात जिवतीचे शुक्रवार करीन, असं मी बोलले होते. ताप उतरला. पूजा मांडली आणि ही शंका आली.

रेवामाई आमच्या गावाबाहेर दत्ताच्या देवळात राहायच्या. त्यांनी माझी ओंजळ धरून मला दारापर्यंत नेलं.

“तुझा घरात आहे. बाकीच्यांचे?”

एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून मी वसा सोडला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, असाच एक श्रावणातला शुक्रवार. मी माईंना कहाणी ऐकवायला देवळात गेले होते, तेवढ्यात दमयंतीताई आल्या. आमच्या सरपंच. माईंच्या हातून माळ घातलेल्या.

त्यांचं सांगायला मला अजून अभिमान वाटतो. आमच्याकडे मिरचीचा बाजार मोठा. हंगामात बाया दिवसभर वाळवणावर बसून मिरचीचे देठ खुडतात. पोर रडलं तरी त्या हातानं डोळे पुसायची सोय नाही. ताईंनी सरपंच झाल्याबरोबर समाजमंदिरात पाळणाघर काढलं. मग दुसऱ्या गावांत गेल्या, दुसऱ्या जिल्ह्यांत गेल्या. कुठे सरपंच, कुठे नगरसेविका, सगळ्यांना भेटल्या. राज्यभर ठराव झाले. सोमवारी त्या सगळ्या मिळून मुंबईला निघाल्या होत्या. जिथं बाया हंगामी कामाला जातात, तिथं सरकारनं पाळणाघर द्यावं, असा कायदा मागायला.

“मग तोंड का उतरलंय?” माईंनी विचारलं.

“नावावरून अडलंय. निवेदनावर मी ‘दमयंती पॅटर्न’ लिहिलं. निम्म्या जणी सही करेनात.”

“का गं?”

“ऊसतोडीकडच्या म्हणतात, आमच्या बाया मुक्काम हलवतात, पाळणाघरही त्यांच्याबरोबर हललं पाहिजे. कोकणातल्या म्हणतात, काजूच्या कारखान्यातच खोली द्या. म्हणजे सगळं बदलायचं. मग त्यात माझं काय राहिलं?”

“सह्या नाही झाल्या तर?”

“तर निम्म्या जणींचाच कागद जाईल. ठेवतील कपाटात...”

माई समईची वात सारू लागल्या.

“मी सुरुवात केली, माई. गावानं दारात येऊन शिव्या दिल्या तेव्हा या कुठे होत्या?”

“खरं आहे.”

“मग नाव लावलं तर काय बिघडलं? की आता तुम्हीसुद्धा विरोधी पक्षात?”

माई हसल्या. “मी? मी तर येईल त्याला सांगते, ती सरपंच माझी आहे म्हणून. प्रसाद नंतर, आधी तुझं नाव.”

ताईही हसल्या. पण डोळे भरले होते.

“बस. ही शांता जिवतीची कहाणी सांगायला आलीय. हातात अक्षता घे.”

मी कहाणी सांगितली. बाळ दुरावलेली ती आई, ते जिथं असेल तिथं सुखी राहो म्हणून तिनं टाकलेल्या अक्षता, सगळं. ताई मुठीत अक्षता धरून ऐकत होत्या. कितव्यांदा ऐकत असतील, तरी शेवटी त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

“दमू,” माई म्हणाल्या, “त्या बाईचं नाव काय?”

“कुठल्या?”

“आत्ता जिच्यासाठी रडलीस तिचं.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळी कहाणी मनात फिरवून पाहिली.

“नाव नाही, माई.”

“गाव?”

“तेही... नाही.”

“तिचा वसा कुठवर गेला?”

ताई मूठ उघडून अक्षता बघत राहिल्या. बाहेर समाजमंदिराच्या बाजूनं कुणाचं तरी पोर रडायला लागलं आणि लगेच थांबलं. कुणीतरी उचललं असेल.

“थांबलं,” ताई हळूच म्हणाल्या.

“हं.”

“कुणाचं होतं कोण जाणे.”



ताईंनी पिशवीतून निवेदन काढलं. वरच्या ओळीवर नुसतं बोट फिरवलं. मग माझ्याकडे पेन मागितलं. माझ्याकडे कुठलं पेन? माईंनी गंधाची वाटी पुढे सरकवली. ताईंनी करंगळीनं ते नाव लिंपून टाकलं.

“मग सोमवारी मी काय बोलू, माई?”

माईंनी त्यांची ओंजळ धरली आणि दारापर्यंत नेली. माझी नेली होती तशीच.

“म्हण, एका गावात एक बाई होती. लेकरू कुणाचंही असो, तिनं पाळणा बांधला... आणि ऐकणारीला सांग, बाई गं, तूही बांध.”